झाडाला लावलेला कान

"बोला लवकर, रामकृष्णभाऊ. ऊन चढायच्या आत दोन झाडं तरी व्हायला पायजेत," कासम म्हणाला. कमरेला दोर आणि पाठीला कोयता बांधून तो खजुराखाली उभा होता. रोज्याचा दुसराच दिवस असल्यामुळे बोलायची हौस अजून शिल्लक होती.

रामकृष्णने हात वर करून त्याला गप्प केलं. डोळे मिटून त्याने उजवा कान खोडाला लावला. ही त्याची नेहमीची पद्धत. श्वास रोखून शंभरपर्यंत मोजायचं, मग गालाचं हाड टेकवून आणखी पन्नास. सोंड्या भुंग्याच्या अळ्या आतला गाभा खात असल्या तर बारीक करकर ऐकू येते. गुहागरला नारळाच्या बागेत त्याचे वडील हेच करायचे आणि म्हणायचे, "आत पाहुणा काकडी खातोय." वरून हिरवंगार दिसणारं झाड आतून पोकळ झालेलं असतं आणि बाहेरच्याला पत्ता नसतो.

कान झाला, हाड झालं. त्याने खोडाभोवती एक फेरी मारली, बुंध्याशी वाकून बघितलं, दोन ठिकाणी नाक लावून वास घेतला.

"स्वच्छ आहे. चढ," तो म्हणाला.

कासमने बिस्मिल्ला म्हटलं, दोर खोडाभोवती टाकला आणि सरसर वर गेला. वाळक्या झावळ्या एकेक करून खाली पडू लागल्या. रामकृष्ण तोंड वर करून बघत राहिला. झाडात त्याला काहीच ऐकू आलं नव्हतं. गेली तीन वर्षं कुठल्याच झाडात त्याला काहीही ऐकू आलं नव्हतं.

ओमानात वसंत ऋतू येतो तो कंपनीच्या पत्रकात. त्यात हिरव्या अक्षरांत 'स्प्रिंग क्लीनअप' असं लिहिलेलं असतं आणि खाली एका हसऱ्या बाईचा फोटो असतो. बाकी मस्कतला थंडी जाते आणि ऊन येतं, मधे कोणी नसतं. त्या मधल्या चारपाच आठवड्यांत कुरुमच्या बंगल्यांची अंगणं साफ करायची. थंडीतली पेट्युनिया उपटायची, ठिबकच्या नळ्यांतला क्षार काढायचा, खजुराच्या वाळक्या झावळ्या नि काटे छाटायचे, नव्या पोयींवर, म्हणजे फुलोऱ्यांवर, नर झाडाचा पराग झटकायचा आणि शेवटी सगळा पाला उडवून अंगण असं करायचं की इथे झाडं आहेत याचीच शंका यावी. रामकृष्णने अशी एकवीस वर्षं काढली होती. वय चौपन्न. गोणी उचलायला पाठ नाही, वर चढायला गुडघे नाहीत. कंपनीच्या लेखी तो माळी नव्हताच, तो कान होता. नवीन गिऱ्हाईकाला साहेब कौतुकाने सांगायचे, "हमारा आदमी झाड सुनता है." अर्बाब लोकांना, म्हणजे बंगल्यांच्या मालकांना, ते फार आवडायचं.

त्या कानाची वाट लावली ती ब्लोअरने. पाला उडवायचं ते मशीन बारा वर्षं त्याच्या पाठीवर होतं आणि त्याची किंकाळी कानापासून वीतभरावर. कापूस कोंबायचा आणि चालू करायचं, एवढीच काळजी. आधी साळुंक्या गेल्या. मग कॅम्पच्या स्वयंपाकघरातल्या कुकरची शिटी गेली. मग बायकांचे आणि पोरांचे आवाज विरत गेले. समोर उभं राहून पुरुष बोलला तर अजून समजायचं, ओठांकडे बघून भागायचं. गावाहून बायको प्रेमा व्हिडिओ कॉल करायची तेव्हा तो तिच्या तोंडाकडे एवढं टक लावून बघायचा की तीच लाजायची. काही चुकलं तर नेटवर्क होतंच. ओमानच्या नेटवर्कला त्याच्याइतक्या शिव्या कोणी दिल्या नसतील.

झाडांबद्दल मात्र त्याने स्वतःची समजूत घातली होती. माणसाचं बोलणं वेगळं, झाडाचं वेगळं. कान लावला आणि आवाज आला नाही, म्हणजे झाड चांगलं. दोन वर्षं एकही किडकं झाड निघालं नाही म्हणून तो खूश होता, कंपनीही खूश होती. खोटं बोलायला दुसऱ्या माणसाची गरज लागते असं थोडंच आहे.

आणि मग जाफर पडला.

जैतापूरचा जाफर सोळा वर्षं त्याचा जोडीदार होता. रामकृष्ण खाली ऐकणार, जाफर वर चढणार. रामकृष्णने 'चढ' म्हटल्याशिवाय जाफरने कधी झाडाला पाय लावला नाही, आणि म्हटल्यावर कधी वर बघून शंका काढली नाही. गेल्या वर्षी रोज्याच्याच दिवसांत, याच बंगल्यात, मागच्या भिंतीकडच्या तिसऱ्या झाडाला रामकृष्णने कान लावला आणि 'चढ' म्हणाला. जाफर शेंड्यापर्यंत गेला, दोरावर अंग टाकून मागे रेलला. दोर टेकला होता तिथलं खोड आत दबलं, शेंडा एका बाजूला कलला, आणि जाफर दोरासकट खालच्या फरशीवर आला. रामकृष्णला त्याची किंकाळी ऐकू आली नाही. नुसतं पडताना दिसलं.

सुपरवायझर धनंजय अर्ध्या तासाने पोचला. तोही घाबरलेला होता. "रोजा होता ना त्याचा? चक्कर आली असणार. तोल जाऊन झावळ्यांना लोंबकळला, म्हणून शेंडा कलला. असंच ना, काका?" त्याने विचारलं होतं. रामकृष्णने मान हलवली.

दुसऱ्या दिवशी ते झाड तोडायचं काम त्याच्याकडेच आलं. बुंध्याशी कापून झाड आडवं केलं, वरचा तुकडा वेगळा केला तर आत तांबडा भुसा आणि अंगठ्याएवढ्या अळ्या वळवळत होत्या. त्याने इकडेतिकडे बघितलं, तुकड्यावर ताडपत्री टाकली आणि पाठ धरून आली तरी स्वतःच्या हाताने तो ट्रकमधे चढवला. कागदावर चक्करच राहिली. शवपेटीबरोबर तीच जैतापूरला गेली.

दुसरं झाड संपवून कासम खाली उतरला तेव्हा बारा वाजत आले होते. दोघे भिंतीच्या सावलीत आले. कासमने तोंडावरून ओला हात फिरवला आणि पाय पसरून बसला. रामकृष्ण गाडीत जाऊन, काच वर करून दोन घोट पाणी पिऊन आला. रोजेदाराच्या समोर पाणी प्यायचं नाही हा नियम त्याला कोणी शिकवला नव्हता. जाफरबरोबर राहून तो अंगात मुरला होता.

जिथे जाफरचं ते तिसरं झाड होतं तिथे आता फरशी काढून गोल आळं केलं होतं आणि थंडीतली पेट्युनिया वाळून चिकट झाली होती. ती उपटायची होती. रामकृष्ण तिकडे पाठ करून बसला.

मोबाईलचा पडदा उजळला. जाफरच्या बायकोचा, अमीरुन्निसाचा, व्हॉइस मेसेज होता. ती लिहीत नसे, बोलूनच पाठवायची. जाफरच्या चाळिसाव्यानंतर तिचे असे मेसेज येऊ लागले होते, महिन्यातून एखाददोन. रामकृष्णने आवाज पूर्ण मोठा केला, फोन कानाला लावला आणि सवयीने मान हलवत राहिला. फोनमधून जे येत होतं ते त्याच्या कानापर्यंत पोचत नव्हतं, पण चार हातांवर बसलेल्या कासमपर्यंत अक्षर न् अक्षर पोचत होतं.

"रामकृष्णदादा, सलाम. आज हितं पयला रोजा. पुन्हा तेच विचारते, रागावू नका. त्या दिवशी पहाटे सहेरीला ते मला फोनवर म्हनाले होते, आज चढायचं हाय, आजचा रोजा राहू दे. मीच म्हनले, एवढी वर्सं धरलात, आज काय झालं? त्यांनी माझं ऐकलं. दादा, त्यांना चक्कर आली ती रोज्यानंच का? मीच घालवलं का त्यांना? तुमी नुसते हात जोडून पाठवता. हो तर हो सांगा. पोरीला, हिबाला, यातलं काय ठाऊक नाय. मला घोटभर पानी घशाखाली जात नाय, दादा."

रामकृष्णने शेवटपर्यंत मान हलवली. मग तोंड थोडं हसरं करून, अंगठ्याने शोधून जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलं आणि फोन खिशात टाकला.

"काय माणूस आहात तुमी?" कासम म्हणाला.

"अं?"

"ती बाय रडते तिकडं. आणि तुमी हसताय?"

रामकृष्णने त्याच्या ओठांकडे बघितलं. 'रडते' एवढं त्याला कळलं. "हां, रडते बिचारी. वर्ष झालं ना. माणसाची आठवण येणारच," तो म्हणाला.

कासम उठून त्याच्या पाठीमागे गेला आणि साध्या आवाजात म्हणाला, "रामकृष्णभाऊ, तुमच्या पायाजवळ साप हाय."

रामकृष्ण बुटातली वाळू झटकत होता, तो झटकतच राहिला.

कासमने मान वर करून आत्ताच साफ केलेल्या झाडाच्या शेंड्याकडे बघितलं. त्याचा हात नकळत कमरेच्या दोराकडे गेला. तो पुढे आला, रामकृष्णच्या समोर उकिडवा बसला, आणि त्याने अमीरुन्निसाचा मेसेज पहिल्यापासून शेवटपर्यंत एकेक शब्द तोडून, मोठ्याने, त्याच्या तोंडावर सांगितला. एकही शब्द गाळला नाही.

रामकृष्णच्या हातातून बूट खाली पडला. मग खिशातून फोन काढून त्याने कासमपुढे धरला. "आधीचे बघ. किती आहेत?"

कासमने बोटाने वर सरकवत मोजले. "चौदा."

"ऐक."

कासमने तीन ऐकले. चौथा लावला नाही. "सगळ्यांत हेच हाय. चक्कर रोज्यानं आली का, पडायच्या आधी कायतरी बोलले का. आणि खाली तुमचे हात जोडलेले."

वर्षभर ती बाई हात जोडल्याचं चित्र बघत होती आणि त्यातून 'होय, तुझ्यामुळेच' असं वाचत होती. आपण गप्प राहिलो ते नोकरी वाचवायला, एवढंच रामकृष्णने आजवर स्वतःला सांगितलं होतं. त्या गप्प राहण्याचं ओझं जैतापूरला कोणाच्या डोक्यावर जाऊन बसलंय हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं. त्याला स्वतःची शिसारी आली.

"चक्कर नव्हती," तो म्हणाला. "झाड आतून पोखरलेलं होतं. मी कान लावला, मला ऐकू आलं नाय, मी चढ म्हटलं. नंतर मीच ते कापलं. मीच झाकलं."

"आणि आज मला चढवलंत."

"आता मी डोळ्यांनी बघतो. भोकं शोधतो. वास घेतो. रस गळतो का बघतो."

"कान का लावता मग? मला फसवायला?"

कासमने कमरेचा दोर सोडला. घरी तीन पोरी होत्या त्याच्या, धाकटी अजून रांगत होती. त्याने दोराची गुंडाळी केली आणि ती दोघांच्या मधे जमिनीवर ठेवली.

धनंजयची गाडी साडेबाराला फाटकात शिरली. तरुण माणूस, शेती शिकलेला, दिवसभर उन्हात फिरून आणि वरच्यांची बोलणी खाऊन वैतागलेला. खाली उतरता उतरताच त्याने विचारलं, "किती राहिली, काका? एकला खलास करायचंय, रमजान टायमिंग आहे. संध्याकाळी अर्बाबकडे इफ्तारला पाहुणे आहेत, अंगण चकाचक पाहिजे."

"तीन राहिली. ती आज होणार नाहीत," रामकृष्ण म्हणाला. "मला ऐकू येत नाही."

"काय ऐकू येत नाही?"

"काहीच. झाडाचं तर तीन वर्षं नाही. दुसरा माणूस आणा, नाहीतर ते तपासायचं मशीन आणा. माझ्या शब्दावर कोणाला चढवू नका."

धनंजयने कासमकडे बघितलं. कासमने नजर दुसरीकडे वळवली. धनंजय दोन पावलं जवळ आला. "काका, विचार करून बोला हां. मी हे ऐकलं की मला वर रिपोर्ट करावं लागेल."

"करा. त्यात जाफरचंही लिहा. त्याला चक्कर आली नव्हती, झाड पोखरलेलं होतं. ते मीच कापून ट्रकात भरलं."

धनंजयच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. ताडपत्रीच्या त्या ट्रकच्या कागदावर सही त्याची होती. "वर्ष झालं काका. फाइल क्लोज झालीय. मी तुम्हाला तेव्हा विचारलं होतं. तुम्ही मान हलवलीत."

"हलवली. तेवढंच येतं मला."

"व्हिसा कॅन्सल होईल तुमचा. कदाचित पोलिसांत जावं लागेल. मी काही करू शकणार नाही."

"इन्शाल्ला म्हणून पुढे ढकलू नका म्हणजे झालं," रामकृष्ण म्हणाला.

धनंजय गाडीच्या दाराला टेकला. मग त्याने कासमला दोर गाडीत टाकायला सांगितलं. रामकृष्णकडे न बघता तो बोलत होता, मग लक्षात येऊन त्याने तोंड वळवलं आणि पुन्हा सावकाश म्हणाला, "उद्या सकाळी ऑफिसला या. आज तेवढा पाला काढून टाका. ती पेट्युनिया पण."

तो गाडीत बसून वर फोन लावायला लागला.

रामकृष्ण आळ्यापाशी गेला. गुडघे टेकून त्याने वाळकी पेट्युनिया मुळासकट उपटली. मुठीमुठीने बाजूला ढीग केला. खाली खजुराचा बुंधा अजून होता, जमिनीच्या पातळीला कापलेला, काळा पडलेला. त्याने त्यावरची माती हाताने बाजूला केली आणि त्याच्यावरच बसला. मग फोन काढून तोंडाजवळ धरला आणि बोलायचं बटण दाबलं.

"भाभी, मी रामकृष्ण. तुम्ही पाठवलेलं मी आजवर एकदाही ऐकलेलं नाही. मला ऐकू येत नाही. आज कासमने सांगितलं. भाभी, जाफरला चक्कर आली नाही. रोज्याचा काही संबंध नाही. तो तिसऱ्या झाडावर चढला तेव्हा ठणठणीत होता, खाली बघून हातवाऱ्यांनी माझी मस्करी करत होता. झाड किडलेलं होतं. ते ओळखायचं काम माझं होतं. मला ऐकू आलं नाही, आणि मी ते लपवलं. नंतरही लपवलं. तुमचा काही दोष नाही. माझा आहे. एवढंच. हिबाला पण सांगा."

आपला आवाज किती मोठा होतोय याचा त्याला अंदाज नव्हता. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मोलकरीण डोकावली. गाडीत फोनवर बोलणारा धनंजय बोलायचा थांबला. कासम दोर हातात घेऊन जिथल्या तिथे उभा राहिला. सगळ्या अंगणाने ते ऐकलं होतं.

दोन खुणा निळ्या झाल्या. मग बराच वेळ काही नाही. कोवळ्या पोयींवरचा पराग वाऱ्याने उडून फरशीवर पांढुरका बसला होता. तो अजून झाडायचा होता.

पडदा उजळला. अमीरुन्निसाचा मेसेज. एक्केचाळीस सेकंद.

कासम जवळ आला. समोर येऊन, ओठ दिसतील असा वाकून म्हणाला, "द्या इकडं. मी ऐकून सांगतो."

रामकृष्णने फोन त्याच्याकडे दिला नाही. "मग सांग. आधी मला ऐकू दे," तो म्हणाला.

हे बोलणं वेड्यासारखं होतं हे त्यालाही कळत होतं. त्याने हात वर करून कासमला गप्प केलं, खरं तर कासम काही बोलत नव्हता. डोळे मिटले. श्वास रोखला. मेसेज चालू करून फोन उजव्या कानाला लावला आणि मोजायला सुरुवात केली. वीसपर्यंत काही नाही. मग त्याने फोन खाली सरकवून गालाच्या हाडावर घट्ट दाबला.

हाडाला बारीक थरथर लागली. थांबली, पुन्हा लागली. आत कोणीतरी होतं.

एक्केचाळीसला ती थांबली. रामकृष्ण तसाच बसून शंभरपर्यंत मोजत राहिला.